चुंबकाची पट्टी आणि माझा आवाज

"बाई, ते पट्टी रात्री काढून ठेवा लागते, का तशीच राहू द्यायची मटक्याले?"

काकूंनी फोनवर नमस्कार-चमत्कार न करता थेट हेच विचारलं. मला वाटलं, त्यांनी चुकून माझा नंबर लावला. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या रेल्वेतल्या मित्राची बायको. आमची दोन्ही घरं वर्ध्याकडून नोकरीपायी रायपूरला आलेली, गुढियारीत एकाच गल्लीत राहिलेली. आम्ही पुढे दुसऱ्या वसाहतीत गेलो. काका-काकू तिथेच राहिले. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि मोबाइलवर विज्ञानाच्या गोष्टी सांगते, हे काकू गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत.

"कोणती पट्टी, काकू?"

"चुंबकाची. तूच तं सांगतलं ना मोबाइलवर. मटक्याले बांधली का पानी तयार होते, मंग शुगरची गोळी लागत नाही. मी बंद केली ना यायची गोळी."

मी एवढंच म्हणाले की असं मी कधीही सांगितलेलं नाही, काकांची गोळी आजच्या आज सुरू करा. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आता अशी काहून बोलून राहिली तू? तिकडं तं चांगली समजावून सांगत होती."

मला फ्रॉकात पाहिलेली बाई ती. पण फोनवर बोलणारी मी तिला खोटी वाटत होते आणि पडद्यावरची खरी.

तो व्हिडिओ त्यांनी नातवाकरवी पाठवला. मी तो माझ्या खोलीत, दार लावून पाहिला. चेहरा माझा. राखाडी सुती साडी माझी. मागची पुस्तकांची फळीसुद्धा माझी. हातात काळी, रबरासारखी गोल पट्टी. पडद्यावरची बाई म्हणत होती, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून पाहा." हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक कार्यक्रमात म्हणत आले आहे. ती ते माझ्यापेक्षा जरा सावकाश म्हणत होती, इतकाच फरक.

आणि ती मराठीत बोलत होती. आमच्या घरच्या, नागपुरी चालीच्या मराठीत. त्या एका गोष्टीवर माझं मन अडकलं ते पुढे कित्येक आठवडे सुटलं नाही. ते का, हे कळायला जरा मागचं सांगावं लागेल.

मी लहान असताना एकदा सूर्यग्रहण लागलं. गल्लीतली सगळी दारं बंद. मी मागच्या अंगणातून सटकले आणि कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले. पानांमधून जमिनीवर पडणारे उन्हाचे ठिपके रोज गोल असायचे, ते त्या दिवशी कोरीसारखे झाले होते. सगळ्या अंगणभर चंद्रकोरी. मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. कुणी आलं नाही. शेवटी काकू धावत आल्या, माझ्या डोक्यावर पदर टाकला आणि दंडाला धरून मला आत ओढलं. पण ओढता ओढता त्यांनी खाली पाहिलं आणि क्षणभर थांबल्या, हे मला पक्कं आठवतं. माणसाला भीती वाटत असली तरी तो एकदा पाहतोच, हे मी तेव्हा शिकले असावे.

पुढे फिजिक्स घेतलं. नागपूरला पीएचडी केली, काचेवरच्या अतिशय पातळ थरांवर. विषय असा की घरात कुणाला समजावून सांगायचा तर नखावरच्या पॉलिशपासून सुरुवात करावी लागे. रायपूरच्या एका सरकारी कॉलेजात नोकरी लागली. शिकवणं मनापासून आवडायचं, पण वर्गात येणारी मुलं परीक्षेपुरतं ऐकायची. ग्रहणाच्या दिवशी बंद दारांआड बसलेली माणसं मला हवी होती. म्हणून रविवारी मी पिशवी भरून निघू लागले. पिशवीत भिंगं, लोलक, बॅटऱ्या, एक छोटी दुर्बीण. आधी गुढियारीत, मग बीरगावात, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या वस्तीत.

लोकांनी पहिल्या दिवसापासून संशय घेतला. बीरगावात मी दुर्बिणीची तिपाई उभी केली तर एकजण येऊन विचारून गेला की जमीन मोजायला आलात का, घरं पाडणार आहेत का. दुसऱ्याला मी कुठल्या पक्षाची, हे हवं होतं. तिसऱ्याला वाटलं, मी पूजाअर्चा सोडायला सांगायला आले. कॉलेजातल्या सहकाऱ्यांचा संशय वेगळा होता. त्यांच्या मते हिला संशोधन जमत नाही म्हणून ही तमाशा करते. या सगळ्याचं मला वाईट वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. शंका घेणारा माणूस माझ्या कामाचा, असं मी समजत होते. मी लोकांना म्हणायची, शंका घ्या, माझ्यावरही घ्या. ते हसायचे आणि दुर्बिणीला डोळा लावायचे.

व्हिडिओ सुरू झाले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. आता तो चाळिशीला आलेला, पंडरीत कापडाच्या ठोक दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ. साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ हा त्याचा धंदा. घरची मराठी, पण चार पिढ्यांपासून रायपुरात, त्यामुळे मी मराठीत विचारलं तरी तो हिंदीत उत्तर द्यायचा. एका कार्यक्रमात तो मागे उभा होता. संपल्यावर म्हणाला, मॅडम, एवढं सांगता आणि पन्नास माणसं ऐकतात, हे मोबाइलवर टाकायला पाहिजे. मग तो दर शनिवारी येऊ लागला. कॅमेरा लावायचा, माझा खोकला कापायचा, अडखळलेली वाक्यं जोडायचा. पैशाचा विषय काढला की वेगळंच काही बोलायला लागायचा. आमचे व्हिडिओ हिंदीत असत, मध्ये छत्तीसगढी शब्द. हळूहळू भाजीवाल्याही मला ओळखू लागल्या.

मराठीत मी फक्त एकदाच बोलले होते. आमच्या वसाहतीत एक छोटं मराठी मंडळ आहे. तिथल्या म्हाताऱ्या मंडळींसाठी पडद्यावर दाखवायला म्हणून मी चार-दोन भाग घरच्या भाषेत केले, आईशी बोलायचे तशा. कार्यक्रम पुढे ढकलला गेला आणि राहूनच गेला. ते भाग कुठे बाहेर पडले नाहीत. माझ्याखेरीज ते दोघांकडेच होते. ज्याने कापून जोडले त्या माझ्या विद्यार्थ्याकडे, आणि ज्यांना मी मोबाइलवर पाठवले त्या मंडळाच्या सचिवांकडे.

हिंदी आवाजावरून मराठी आवाज बनवता येतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. येतही असेल. पण पडद्यावरच्या त्या बाईने 'काहून' म्हणताना शब्दाचा शेवट जसा वर नेला, तसा मी हिंदीत कशाचाच नेत नाही. तो आवाज त्या मराठी भागांतून उचलला होता, याची मला खात्री झाली. म्हणजे दोघांपैकी एक.

विद्यार्थ्यावर मी क्षणभरही संशय घेतला नाही. इतक्या शनिवारी तो माझ्या घरी जेवला होता. राहिले सचिव. बँकेतून निवृत्त झालेले, टापटीप, बोलण्यात गोड. मन एकदा एका दिशेला वळलं की पुरावे आपोआप गोळा होतात, हे मी वर्गात शिकवते. तरी मी तेच केलं. त्यांचा जावई पाण्याच्या फिल्टरच्या धंद्यात आहे, हे मला आठवलं. मागे एकदा त्यांनी मला एका वैद्याची तारीफ ऐकवली होती, तेही आठवलं. आणि त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला की गणपतीत तुमचं व्याख्यान ठरलं होतं, पण यंदा भजन ठेवू म्हणतो. मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, कारण मला माहीत आहे.

पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी व्हिडिओ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा व्हिडिओ पाहिला. म्हणाले, आवाज तो आप ही का है. मी नकली आवाज कसा बनतो ते समजावलं. माझ्यासमोर बसून ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की सौदा फिसकटल्यावर बाई तक्रार करायला आली. शेवटी अज्ञात व्यक्तीविरुद्ध तक्रार घेतली. कुणावर शक आहे का, असं विचारलं तेव्हा सचिवांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. नागपूरहून भावाचा फोन आला. त्याने इकडचं तिकडचं विचारलं आणि ठेवता ठेवता म्हणाला, "तू खरंच नाही ना केलंस?" त्या रागात मी त्याच्याशी पुढे कित्येक दिवस बोलले नाही.

खुलासा करणं भाग होतं. शनिवारी विद्यार्थी आला. मी कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की तो व्हिडिओ माझा नाही, पट्टीने पाण्याला काही होत नाही, कुणी औषध बंद केलं असेल तर आजच सुरू करा. त्याने नेहमीसारखं मन लावून टिपलं. मग म्हणाला, घाई नको, नीट एडिट करतो, दोन दिवस द्या. मी दिले.

त्या दोन दिवसांत दुसरा व्हिडिओ आला. पुन्हा मी. या वेळी चेहरा काळजीत. मी म्हणत होते की डॉक्टर लोक आणि औषधवाले माझ्यावर दबाव आणत आहेत. उद्या मी स्वतः हे नाकारलं, तर समजा की मला भाग पाडलंय.

आमचा खुलासा त्याच्यानंतर बाहेर पडला. तो जितक्या लोकांनी पाहिला तितक्यांनी हळहळ व्यक्त केली. बिचारीला बोलायला लावलं. एका ओळखीच्या शिक्षिकेने रस्त्यात माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, आम्हाला सगळं समजतं.

मी सचिवांकडे गेले. आरोप करायला नाही, असं स्वतःला सांगून. त्यांच्या पत्नीने पोहे पुढे ठेवले. मी विचारलं, ते मराठी भाग तुम्ही आणखी कुणाला पाठवले होते का. त्यांनी चमचा बशीत ठेवला. म्हणाले की त्यांनी ते भाग उघडूनही पाहिले नव्हते. मग म्हणाले, "तुम्ही मला विचारताय? इथे आम्ही सगळे आठ दिवस विचार करतोय की तुम्हाला त्या कंपनीनं काय दिलं असेल." व्याख्यान त्यासाठीच रद्द केलं होतं. आम्ही समोरासमोर बसलो होतो, दोघांनी एकमेकांना चोर ठरवून. पोहे निवून गेले. मी उठले तेव्हा ते दारापर्यंत आले, पण नेहमीसारखं 'या पुन्हा' म्हणाले नाहीत. आणि तरीही उतरताना मी मनात म्हणत होते, नाटक चांगलं करतात.

काकांना त्याच सुमारास दवाखान्यात नेलं. पायाच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली होती, ती चिघळली होती. साखर भलतीच वाढलेली. मी धावत गेले. काकूंनी गोळी सुरू केलीच नव्हती. त्यांनी मला फोन केला त्या दिवशी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं होतं, पण उद्या-परवावर ढकलत राहिल्या, आणि मग दुसरा व्हिडिओ पाहिला. "मले वाटलं, तुह्यावर कोनं दबाव टाकला," त्या म्हणाल्या. "तू मनातून सांगत नोहती." डॉक्टरांनी काकांच्या पायाचं एक बोट काढलं. काका चादरीखाली पाय लपवून झोपले होते आणि माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न करत होते. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू आम्हा दोघींतली खरी कोणती, ते त्यांना अजून ठरवायचं होतं.

तिथून मी सरळ पंडरीला गेले. मला सचिवांविरुद्ध काहीतरी हाताला लागायला हवं होतं. मूळ भाग आणि नकली व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवले तर आवाज कुठून उचलला ते दाखवता येईल, आणि ते काम विद्यार्थ्याखेरीज कुणाला जमणार? उन्हाळा तापला होता. जिना चढून घसा कोरडा पडला. तो कॉम्प्युटरसमोर होता, एका साडीचा काठ पडद्यावर मोठा करून पाहत. मला पाहून उठला, खुर्ची दिली. मी म्हटलं, आधी पाणी, आणि सवयीने स्वतःच कोपऱ्यात गेले. मटक्यावर ओलं फडकं होतं. ते बाजूला केलं तर गळ्याला ती पट्टी बांधलेली. काळी, रबरासारखी.

मी मागे वळून पाहिलं. तो उभाच होता. त्याने काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

मी ग्लास भरला आणि पाणी प्यायले. तहान लागली होती. मग बसले आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"मम्मी का कमर दर्द, मॅडम. दो साल से था. इससे चला गया."

मग त्याने सगळं सांगितलं. मला फार विचारावं लागलं नाही. कॅटलॉगचं काम घेऊन दोन माणसं आली होती. पट्टीचे फोटो काढायचे होते. एक पट्टी त्याला वापरायला दिली. आईची कंबरदुखी थांबली, तशी त्याची श्रद्धा बसली. त्यांना मराठी घरांमध्ये विक्री करायची होती, नागपूरपर्यंत. कुण्या भरवशाच्या माणसाचा मराठी आवाज आहे का, असं त्यांनी विचारलं. त्याच्याकडे होता. त्याने तो दिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी फक्त नमुना मागितला होता, चेहरा ते लावतील हे त्याला माहीत नव्हतं. हे खरं की खोटं, मला आजही सांगता येत नाही. मला न विचारता का, असं म्हटलं तर तो म्हणाला, "आप तो मना ही करतीं." आणि गोळी बंद करा, असं ते म्हणतील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. ते ऐकल्यावर त्याने त्यांना फोन केला. मॅडम खुलासा करणार आहेत, व्हिडिओ काढून टाका, असं बजावलं. त्यांनी काढला नाही. दुसरा बनवला.

मला ओरडता आलं असतं. पण मला एकच गोष्ट कळत नव्हती. मी विचारलं, "अरे, आपण याच विषयावर भाग केला होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते सांगता येत नाही, हा. आईनं पट्टीखेरीज दुसरं काही केलं नव्हतं?"

तो आठवू लागला. आई तेव्हाच पलंग सोडून खाली चटईवर झोपायला लागली होती. फिजिओथेरपीचे व्यायामही चालू होते. त्याने ते अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. मग म्हणाला, "वो वाला एपिसोड? उसमें बीच में लाइट चली गई थी. दो टुकड़े जोड़े थे मैंने. किसी को पता नहीं चला."

"तो भाग तू किती वेळा ऐकला असशील."

"बहुत बार. पर मैं तो काटने के लिए सुनता था, मॅडम."

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. कामाची गोष्ट सांगावी तसं बोलला. इतकी वर्षं माझं प्रत्येक वाक्य माझ्याहून जास्त वेळा ऐकणारा जगात तो एकटाच माणूस होता. त्याच्या कानांना माझा श्वास कुठे अडतो ते माहीत होतं. मी काय म्हणते, ते मात्र पोचलं नव्हतं. साडेचार फुटांवर बसून पोचलं नव्हतं, तर बीरगावात शेवटच्या रांगेत काय पोचलं असेल, असं माझ्या मनात आलं, आणि त्या दिवसापासून ते गेलेलं नाही.

मी म्हटलं, चल माझ्याबरोबर. कुठे ते त्याने विचारलं नाही. दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून तो माझ्यामागे खाली आला.

दवाखान्यात काका झोपले होते. मी काकूंना सांगितलं की आवाज याने दिला. तो हात बांधून उभा राहिला, खाली पाहत. मला वाटत होतं की काकू त्याला बोलतील, रडतील, निदान माझ्याकडे वळून म्हणतील की बाई, तुझं खरं होतं. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "तुह्या आईची कंबर खरंच बरी झाली काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हव, काकी," तो म्हणाला. "सच में."

काकूंनी मान हलवली आणि काकांच्या पायावरची चादर नीट केली.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला म्हटलं की एवढं पाहूनसुद्धा तू काकूंना हो म्हणालास. तो पहिल्यांदाच जरा चिडला. "झूठ बोलता तो आपको अच्छा लगता?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लांबलचक होतं. कंबर बरी झाली हे खरं, पट्टीने झाली हे सिद्ध नाही, आणि या दोन वाक्यांमधल्या फटीतूनच काकांचं बोट गेलं. तिथे, फिनेलच्या वासात, स्ट्रेचर ये-जा करत असताना ते सांगायला गेले तर मी पुन्हा व्हिडिओतली बाई झाले असते. मी एवढंच सांगितलं की पोलिसांना त्याचं नाव देणार आहे. त्याने मान खाली घातली. म्हणाला, बस्स, आईला ठाण्यात बोलावू नका.

मी नाव दिलं. पोलिसांनी त्याचा कॉम्प्युटर नेला. त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. त्या दोन माणसांनी दिलेला पत्ता खोटा निघाला, फोन बंद होता. व्हिडिओ एका जागेवरून काढला की दुसरीकडे उगवत राहिला, मग हळूहळू विरळ झाला. पंडरीतला स्टुडिओ चालू आहे, असं ऐकते. शनिवारी आता कुणी येत नाही. एकदा बाजारात तो समोरून आला. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि त्याने हात जोडले. मीही जोडले. खरं सांगायचं तर त्याच्यावरचा माझा राग गेला, पण पुन्हा त्याच्यासमोर बसून बोलायची माझी तयारी नाही.

सचिवांकडे मी स्वतः गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चला, आता दोघंही सुटलो." चहा झाला, हसणंही झालं. गणपतीत मात्र भजनच झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही भजन झालं. भावाला मी फोन केला, तोही खूश झाला, पण मला वाटतं की त्याच्या मनात कुठेतरी एक टक्का शंका अजून शिल्लक आहे. त्याच्या मनात नसेल तर माझ्या मनात आहे.

काका घरी आले. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. गोळी आता वेळेवर घेतात, ते काकू जातीने पाहतात. आणि मटक्याला पट्टी अजून बांधलेली आहे. मी गेले की एकदा तरी तिच्यावरून बोलते. मागच्या खेपेला तर मी दोन लोटे भरले, एक पट्टीच्या मटक्यातला, एक साध्या नळाचा तासभर गार केलेला, आणि काकूंना म्हटलं, मी बाहेर जाते, तुम्ही फिरवाफिरव करा, मग काकांना चव विचारा. त्यांनी केलं. काकांना ओळखता आलं नाही. काकू म्हणाल्या, "चवीचं कोनं म्हनलं? साखर गोळीनं उतरली, ते मी मानते. पन जिवाले बरं वाटते ते पान्यानं." काका माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होते. काकूंनी मला जेवायला बसवलं, वरून तूप वाढलं, आणि मी जायला निघाले तेव्हा विचारलं, "तुले कोनी काही म्हनत तं नाही ना आता?" त्या विचारण्यात माया होती. तपासणीही होती.

रविवारी मी पुन्हा पिशवी घेऊन निघते. कॅमेरा नाही. लोक पूर्वीपेक्षा जास्त येतात, आणि सुरुवातीला भिंगापेक्षा माझ्याकडे बघतात. मध्यंतरी बीरगावात समाजभवनात कार्यक्रम होता. भिंगाने भिंतीवर खिडकीचं उलटं चित्र पाडून दाखवत होते. पुढच्या रांगेतली एक बाई बराच वेळ हात वर करून होती. मी विचारलं, काय ताई. ती उभी राहिली.

"दीदी, आप असली वाली हैं ना?"

सगळे हसले. ती हसली नाही. मी म्हटलं, कसं ओळखाल, तुम्हीच सांगा.

तिने विचार केला. "तो बताइए, पट्टी लगाना है कि नहीं?"

"नहीं लगाना."

"दूसरी वाली तो हाँ बोलती है," ती म्हणाली. तिला उत्तर पटलं की नाही, कळलं नाही. ती खाली बसली, पर्समधून मोबाइल काढला, माझ्यावर रोखला आणि म्हणाली, "अब फिर से बोलिए, शुरू से."

मी तिच्या हातातल्या त्या छोट्या काळ्या भिंगाकडे पाहत राहिले. कुणाला पाठवणार, असं मी विचारलं. घरच्यांना, ती म्हणाली. तिच्या शेजारच्या दोघींनीही मोबाइल काढले होते. मी भिंतीवरच्या उलट्या खिडकीकडे वळले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.